लिनक्सची पाटी सामान्य सभासदाला झेपेल काय?



गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आयत्या वेळच्या विषयांत एका तरुण सभासदाने सूचना मांडली. पुण्याला संगणकाचे शिक्षण घेऊन ते पुन्हा शेतीत आलेले आहेत. त्यांचे म्हणणे असे, की लागणीच्या नोंदीसाठी कारखान्याने चिटबॉयच्या हातात टॅब्लेट दिले हे चांगलेच झाले. पण पुढची खरेदी करताना निव्वळ लिनक्सवर चालणारे टॅब्लेट घ्यावेत. लिनक्सला परवान्याचे पैसे पडत नाहीत. वाचलेल्या रकमेतून हळूहळू प्रत्येक सभासदाच्या घरी एकेक टॅब्लेट द्यावा. त्यावर एक ज्येष्ठ सभासद उठून म्हणाले, "आम्हाला चिठ्ठीच बरी. ते काचेचं खेळणं आमच्या हातात दोन दिवस टिकायचं नाही." सभा हसली आणि विषय तिथेच राहिला.

विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कारण येत्या हंगामापासून लागण नोंदीचे कागदी पुस्तक बंद करून सर्व नोंद या पाटीवरच घ्यावी, असा विचार शेतकी खात्यात चालू आहे. (गटागटांत टॅब्लेटला 'पाटी'च म्हणतात, तोच शब्द मी वापरतो.) तेव्हा ही पाटी कुणाला झेपते आणि कुणाला नाही, हे आताच बोलून घेतलेले बरे. खाली लिहितो ते माझे मत आहे, संचालक मंडळाचे धोरण नव्हे.

प्रथम लिनक्स म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. मोटारीला जसे इंजिन, तशी संगणकाला कार्यप्रणाली लागते. पडदा, बॅटरी, बोटाचा स्पर्श या सगळ्यांना कामाला जुंपणारी ती यंत्रणा. लिनक्स हे तसे इंजिन. फिनलंडमध्ये हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ते १९९१ साली तयार केले आणि कुलपात न ठेवता सगळ्यांसाठी खुले केले. कुणीही घ्यावे, वापरावे, सुधारावे. मात्र सुधारून दुसऱ्याला दिले तर सुधारणेचा मूळ मजकूरही त्याला द्यावा, ही अट. जगभरातल्या हजारो लोकांनी त्यात भर घातली. भाग भांडवल नाही, लाभांश नाही, पण सर्वांनी मिळून उभे केलेले आणि कुणा एकाच्या मालकीचे नसलेले, असे हे काम आहे. सहकारात वाढलेल्या माणसाला ते समजावून सांगावे लागू नये.

आता गंमत अशी, की "लिनक्स आम्हाला जमायचं नाही" म्हणणाऱ्या बहुतेकांच्या खिशात आज लिनक्सच आहे. गूगलची अँड्रॉइड प्रणाली लिनक्सच्या गाभ्यावर बसवलेली आहे. अँड्रॉइडचा पहिला फोन २००८ साली बाजारात आला आणि मे २०२१ मध्ये गूगलने सांगितले, की जगात अँड्रॉइडची ३०० कोटींहून अधिक उपकरणे वापरात आहेत. आपल्या तळावरची तोडणी कामगार बाई संध्याकाळी चुलीपाशी बसून गावाकडच्या लेकराचे तोंड फोनवर बघते, मुकादम उचलीचे पैसे बोटाच्या टोकाने पाठवतो. त्यांना लिनक्स हा शब्दही माहीत नाही आणि माहीत असण्याचे कारणही नाही. डिझेल इंजिनाचा नोझल कसा चालतो हे न कळता आपण पंचवीस-तीस वर्षे विहिरीवर पाणी उपसलेच की.

म्हणजे इंजिनाबद्दल वाद नाही. वाद आहे तो त्या इंजिनावर काय बसवले, ते कुणी बसवले आणि बिघडले तर दुरुस्त कोण करणार, याबद्दल. याचा धडा आपल्या शेजारच्याच राज्यात वीस-पंचवीस वर्षांपूर्वी मिळालेला आहे. तो जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्या लोकांना तो फारसा ठाऊक नाही.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले काही प्राध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअर या कंपनीतले अभियंते यांनी १९९९ साली सिम्प्युटर ट्रस्ट स्थापन केला. खेड्यातल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही वापरता यावा असा स्वस्त, हातात मावणारा संगणक करायचा हा त्यांचा उद्देश. एप्रिल २००१ मध्ये त्यांनी नमुना लोकांपुढे ठेवला. करड्या रंगाचा छोटा पडदा, काडी टेकवून काम करायचे, आत लिनक्स, आणि चालायला तीन लहान सेल. तो आपल्या भाषांतला मजकूर वाचून दाखवू शके, म्हणजे ज्याला अक्षर येत नाही त्याने ऐकावे. किंमत ९,००० रुपयांच्या आसपास ठेवायचा बेत होता. ही रक्कम लहान शेतकऱ्याला जड, हे त्या मंडळींना ठाऊक होते. म्हणून त्यांनी फार चांगली युक्ती काढली होती. यंत्राला स्मार्ट कार्डाची खाच ठेवली. गावाने मिळून एक यंत्र घ्यायचे आणि प्रत्येकाने आपले कार्ड जवळ बाळगायचे. कार्ड घातले की ज्याचा त्याचा हिशेब पुढे यायचा. सोसायटीचा सचिव एक आणि पासबुके ज्याची त्याला, तसेच हे. यंत्राचा आराखडासुद्धा त्यांनी खुल्या परवान्याखाली ठेवला होता.

पुढे मार्च २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीने 'अमिडा' या नावाने तो बाजारात आणला. साधा नमुना दहा हजारांच्या घरात, रंगीत पडद्याचा त्याच्या दुप्पट. यंत्र हाताने कलते केले की पान उलटे, अशी सोय त्यात होती. ही करामत पुढे परदेशी फोनांत आली तेव्हा जगाने तोंडात बोटे घातली, ती बंगळूरच्या लोकांनी आधीच करून ठेवलेली होती.

आणि एवढे असून सिम्प्युटर काही हजारांच्या पलीकडे खपला नाही.

का खपला नाही? "खेडूत माणसाला तो कळला नाही" असे उत्तर शहरातली माणसे चटकन देतात. मला ते पटत नाही. जुलै २००३ मध्ये रिलायन्सने ५०१ रुपये भरून मोबाईल देण्याची योजना काढली. आपल्यापैकी कित्येकांच्या घरात पहिला फोन त्याच सुमारास आला असेल. खेडूताला यंत्र कळत नसते तर तो फोनही पडून राहिला असता. माणसाची पहिली गरज होती बोलण्याची. मुंबईतल्या पोराला निरोप, अडत्याला भाव विचारणे, डॉक्टरला हाक. सिम्प्युटर हा फोन नव्हता. तो माहितीचे यंत्र होता आणि माहिती भरणारी यंत्रणाच मागे उभी राहिली नाही. रोजचा बाजारभाव त्यात कोण घालणार? उताऱ्याची नक्कल त्यात कुठून येणार? रिकाम्या कणगीला कितीही चांगले झाकण केले तरी धान्य थोडेच येते? शिवाय बिघडला तर न्यायचा कुठे, हा प्रश्न होताच. तालुक्याच्या गावी फोन दुरुस्त करणारी टपरी निघाली, सिम्प्युटरची नाही निघाली.

पण दुसरी बाजूही बघा. काही ठिकाणी हेच यंत्र नीट चालले. कर्नाटकात जमिनीच्या नोंदींच्या कामी ते वापरले गेले. गोव्यात डेंपो कंपनीने खाणीच्या तोंडापासून जहाजापर्यंत लोहखनिजाचा माग ठेवण्यासाठी ते वापरले. मुंबईत महिंद्र आणि महिंद्र कंपनीने मोटारीच्या इंजिनातला दोष शोधण्यासाठी, म्हैसूरला लहान कर्जे देणाऱ्या संस्थेने वसुलीच्या हिशेबासाठी. या सर्व ठिकाणी यंत्र धरणारे हात साध्याच माणसांचे होते, लिनक्सच्या पंडितांचे नव्हेत. काम मात्र एकच आणि ठरलेले होते, ते शिकवणारा कुणी होता, आणि यंत्र बंद पडले तर संस्था मागे उभी होती. माझ्या मते सगळा निकाल इथेच लागतो.

दुसरे उदाहरण तर आपल्या बिरादरीतले. १९९८ साली वारणा परिसरात कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतल्या सत्तर गावांसाठी संगणक केंद्रांची योजना सुरू झाली. सभासदाने गावातल्या केंद्रावर जावे आणि उसाची नोंद, वजन, खताची उचल हे तिथेच बघावे. योजना गाजली. कालांतराने लक्षात आले, की संगणक जुने होताहेत, देखभाल महाग पडते आहे आणि लोक त्याचा वापर मुख्यतः एकाच गोष्टीसाठी करतात : आपल्या उसाचा हिशेब बघायला. मग मायक्रोसॉफ्टच्या भारतातल्या संशोधन विभागाने सात गावांत आठ महिने प्रयोग केला. केंद्रातला संगणक काढून त्या जागी साधा मोबाईल आणि एसएमएस ठेवला. कामे तीच झाली, खर्च कमी आला, आणि शेतकऱ्यांना संगणकापेक्षा हेच जास्त पसंत पडले. लक्षात घ्या, मोठ्या पडद्याचा संगणक काढून छोटा फोन दिला आणि लोक खूश झाले! कारण त्यांना पडदा बघायचा नव्हता, आपले टनेज बघायचे होते.

आता निव्वळ लिनक्सच्या, म्हणजे अँड्रॉइडचा साज न चढवलेल्या पाट्यांचे. नोकियाने २००५ साली '७७०' नावाची हातातली पाटी काढली. पडदा त्या काळी उत्तम, आत लिनक्स, पण सिमकार्ड नाही. हौशी मंडळी तिच्यावर फिदा होती. सामान्य माणसाला मात्र एखादी नवी सोय बसवायची तर आज्ञा टाईप कराव्या लागत. दीड वर्षही झाले नाही तोच, जानेवारी २००७ मध्ये तिची पुढची आवृत्ती आली आणि नव्या आवृत्तीची प्रणाली जुन्या ७७० ला कंपनीने रीतसर दिलीच नाही. जाणकारांनी आपल्या जबाबदारीवर बसवावी अशी एक प्रत तेवढी सोडली. पुढे उबुंटूवाल्यांनी २०१३ साली फोन आणि टॅब्लेटसाठी प्रणाली जाहीर केली, एप्रिल २०१७ मध्ये त्यांनीच ती सोडली, आणि तेव्हापासून स्वयंसेवक ती चालवताहेत. २०२० सालचा पाईनटॅब तर जाणकार हौशी लोकांसाठीच काढलेला. ही सगळी कामे मी कमी लेखत नाही. पण ज्याला पाणी पाळी सांभाळायची आहे, जनावरांचे बघायचे आहे, त्याने रात्री बसून पाटीला आज्ञा टाईप करत बसावे, हे मला तरी पटत नाही.

तेव्हा तरुण सभासदाच्या सूचनेचे दोन भाग पाडतो. प्रत्येक घरी लिनक्सची पाटी द्यावी, याला माझा विरोध आहे. सभासदाला कारखान्याकडून माहिती लागते ती वर्षातून मोजक्या वेळा : नोंद झाली का, तोड कधी, वजन किती भरले, बिल कधी जमा. एवढ्यासाठी घरात एक वेगळे यंत्र, त्याचे चार्जिंग, त्याची फुटकी काच हे कशाला? हातातला फोन पुरे. ज्यांच्याकडे बटणाचा फोन आहे त्यांना एसएमएस पुरे, आणि तो मराठीत.

दुसरा भाग खुल्या प्रणालीचा, आणि तिथे ते बरोबर आहेत. आज पाटीवर जे ॲप आहे त्यात 'प्लांटेशन टाईप', 'रॅटून', 'व्हरायटी कोड' असे लिहिलेले आहे. आमचा चिटबॉय बारावी झालेला पोरगा आहे, त्याला ते पाठ झाले. पण तो पाटी सभासदापुढे धरतो तेव्हा सभासद काय वाचणार? लागण, खोडवा, आडसाली, पूर्वहंगामी, सुरू हे शब्द आपल्या हाडीमासी खिळलेले आहेत. ते त्यात का नसावेत? लिनक्सचे मराठीकरण स्वयंसेवकांनी कुणाची परवानगी न मागता केले, कारण मूळ मजकूर खुला होता. आपल्या ॲपमध्ये एक शब्द बदलायचा तर ते बनवणाऱ्याची मनधरणी करावी लागते. पुढचा करार करताना ॲपचा मूळ मजकूर कारखान्याच्या ताब्यात यावा, आणि वर्षावर्षांच्या नोंदी कुठल्याही यंत्रावर उघडतील अशा स्वरूपात मिळाव्यात, ही अट घातलीच पाहिजे. ठेकेदार बदलला म्हणून पाच वर्षांच्या लागण नोंदी त्याच्या पेटीत राहिल्या, असे होता कामा नये.

आणि आता कागदी पुस्तकाविषयी, ज्यासाठी हे सगळे लिहायला घेतले.

लागणीची तारीख आणि उसाची जात या दोन नोंदींवर तोडणीचा कार्यक्रम बसतो, हे तुम्हाला नव्याने सांगायला नको. पाटीवर जात निवडायची तर यादी खाली सरकवून बोट टेकवायचे. हात ओला असला, पडद्यावर चिखलाचा ठिपका असला, की बोट एका ओळीवर आणि निवड शेजारच्या ओळीची. ८६०३२ ऐवजी २६५ नोंदली गेली, तर उशिरा पक्व होणारी जात म्हणून तो ऊस पाळीत मागे जातो. जुलैच्या जागी ऑगस्ट पडला तर महिनाभराची पाळी गेली. एप्रिलच्या उन्हात फडात उभ्या राहिलेल्या उसाचे वजन कसे घटते आणि त्या वेळी तोडणी मजूर कसे मिळतात, हे ज्याने भोगले त्यालाच विचारा. क्षेत्राचेही तेच. बांधावरून पाटी घेऊन फिरले की क्षेत्र आपोआप निघते, सोय मोठी आहे. पण दहा गुंठ्यांचा चौकोनी तुकडा धरला तर एक बाजू साधारण ३२ मीटर. तिथे एका अंगाने चार मीटर सरकले की सव्वा गुंठ्याचा फरक पडला. मोठ्या बागायतदाराला तो जाणवणार नाही, दहा गुंठेवाल्याला जाणवेल.

चुका कागदावरही होत. पण कागदाची कार्बन प्रत सभासदाच्या घरी, देव्हाऱ्याच्या मागे नाहीतर ट्रंकेत असे. तक्रार घेऊन यायचे तर हातात काही असे. पाटीवरची नोंद कारखान्याच्या संगणकात गेली की सभासदाजवळ उरते काय? चिटबॉयने सांगितलेला शब्द. बाकी चिटबॉयला ही पाटी जमते, अगदी उत्तम जमते. काम एक, रोजचे, आणि अडला तर गट ऑफिस जवळ. त्याच्या बाबतीत मला काडीची शंका नाही. शंका आहे ती पाटीच्या दुसऱ्या बाजूला उभ्या असलेल्या सभासदाविषयी. त्याने ती वापरावी अशी अपेक्षाच नाही, त्याच्यावर ती वापरली जाते. "सामान्य माणसाला झेपेल का" असे विचारताना आपण हा माणूस विसरतो.

म्हणून मी खात्याला लेखी कळवले आहे, की निदान दोन हंगाम कागदी पुस्तक आणि पाटी दोन्ही चालू ठेवावीत. पुस्तक बंद करायचेच असेल तर प्रत्येक गटाला कंबरेला लावायचा छोटा छपाई यंत्राचा संच द्यावा. एसटीचा कंडक्टर तिकीट काढून देतो तसे नोंदीचे चिटोरे जागच्या जागी, मराठीत, सभासदाच्या हातात पडावे. वर नोंद क्रमांक, गट नंबर, तारीख, जात, क्षेत्र. खर्च वाढेल, हे खरे. पण एका चुकीच्या नोंदीपायी सभासद, चिटबॉय आणि गट अधिकारी यांचे जे दिवस जातात त्यांचाही हिशेब कुणी मांडावा.

आडसालीच्या नोंदी जुलैपासून सुरू होतील. चिटबॉय बांधावर आला म्हणजे त्याला चहा द्या, पण नोंद पाठवण्याचे बटण दाबण्यापूर्वी पाटी आपल्या हातात मागून घ्या. तारीख, जात आणि क्षेत्र त्याला मोठ्याने वाचायला लावा. घरात शाळकरी नातवंड असेल तर त्याला शेजारी उभे करा. 'रॅटून' म्हणजे खोडवा एवढे सांगितले की पुढचे ते पोर बघून घेते. वाटणीची जमीन असेल तर गट नंबर कुणाच्या नावावर पडतो आहे ते त्याच वेळी बघा, मागाहून भावाभावांत चर्चा नको.

आणखी एक. शेतकी खात्याच्या यादीत ज्यांचे मोबाईल नंबर आहेत, त्यांतले पुष्कळ बंद पडलेले आहेत, काही परगावी नोकरी करणाऱ्या मुलांचे आहेत, तर काही चक्क शेजाऱ्याचे आहेत. अशा नंबरावर गेलेला एसएमएस तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही. आपला चालू नंबर, सभासद क्रमांकासह, जूनअखेर आपल्या गट ऑफिसात लिहून द्यावा. येताना पासबुकाची झेरॉक्स आणली तर बिलाचे खातेही त्याच वेळी तपासून देण्यात येईल.

— ऊस विकास अधिकारी